प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : नळीची लाज नको, शेताची घाई नको

साठी उलटलेल्या पुरुषाला लघवीचा त्रास सुरू झाला, की तो सहसा कोणाला सांगत नाही. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक होते, थांबून थांबून येते. तरी ‘वय झाले’ एवढे म्हणून तो गप्प बसतो. पुष्कळदा ते खरेही असते. प्रोस्टेट नावाची ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि बहुतेकांत ती वाढ साधीच असते. परंतु काही जणांच्या याच ग्रंथीत कर्करोग निघतो. तो वेळीच सापडला आणि ग्रंथीबाहेर पसरलेला नसला, तर शस्त्रक्रिया करून संपूर्ण ग्रंथी काढून टाकणे हा त्यावरचा एक चांगला उपाय आहे.

बोरगावच्या आसपासच्या खेड्यांतून अशा शस्त्रक्रियेसाठी माणसे बहुधा नागपूरला जातात. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि सौंसर तहसील त्यात आली. पण मोठ्या दुखण्याची आपली वाट पूर्वीप्रमाणे सावनेरवरूनच जाते. तेथे शासकीय मेडिकल आहे, एम्स आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. शस्त्रक्रिया करणे हे सर्जनचे काम. त्यानंतर रुग्णालयातले दिवस आणि घरचे पहिले सहा आठवडे मात्र रोग्याच्या व घरच्यांच्या हातात असतात. चांगली झालेली शस्त्रक्रिया दोन गोष्टींनी बिघडू शकते. एक, नळीची लाज आणि दुसरी, शेताची घाई. म्हणून या काळात काय होते व काय करावे, ते आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

आत काय केलेले असते?

प्रोस्टेट ही पुरुषांतच असणारी, मोठ्या आवळ्याएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, खालच्या बाजूस असते आणि लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. त्यामुळे ग्रंथी काढली की त्या मार्गाचा एक तुकडाही निघतो. मग सर्जन मूत्राशयाचे तोंड खाली ओढून उरलेल्या मार्गाला टाके घालून जोडतात.

ठिबकसाठी पाइप टाकताना सोल्युशन लावून जोड दिल्यावर आपण लगेच मोटर सुरू करीत नाही. जोड वाळू देतो. येथेही तसेच आहे. हा नवा सांधा भरून येईपर्यंत त्यावर लघवीचा दाब येऊ नये, म्हणून मूत्राशयात रबराची किंवा सिलिकॉनची नळी ठेवतात. ती निसटू नये म्हणून तिच्या आतल्या टोकाला लहान फुगा असतो व तो पाण्याने फुगविलेला असतो. फोली नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात ही फुग्याची नळी प्रचारात आणली. तिला अजूनही त्याच्याच नावाने ओळखतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाढलेल्या साध्या प्रोस्टेटसाठी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरडतात. त्या रोग्याची नळी बहुधा दोन-तीन दिवसांत निघते. कर्करोगासाठी ग्रंथी समूळ काढल्यावर मात्र नळी साधारण सात ते चौदा दिवस ठेवावी लागते. तेव्हा ‘शेजारच्या काकांची नळी तिसऱ्या दिवशी निघाली, माझी का नाही?’ असे विचारून मन कष्टी करून घेऊ नये. दोघांची शस्त्रक्रिया एक नव्हे.

पहिला दिवस

शुद्धीवर आल्यावर रोग्याला हाताला सलाईन, पोटातून बाहेर काढलेली एक बारीक नळी आणि लघवीची नळी अशा तीन गोष्टी दिसतात. पोटातली नळी आत साचणारे पाणी व रक्त बाहेर काढण्यासाठी असते. पाणी कमी झाले की ती काढून टाकतात. शस्त्रक्रिया पोटाला बेंबीखाली छेद देऊन केली असेल, तर टाके एका रेषेत असतात. दुर्बिणीने किंवा रोबोटच्या साहाय्याने केली असेल, तर पोटावर पाच-सहा लहान छिद्रे असतात. या दुसऱ्या प्रकारात पोटात वायू भरून जागा केलेली असते. त्यामुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटाचे ऑपरेशन आणि दुखतो खांदा, याने घाबरू नये. ते आपोआप थांबते.

पिशवीतली लघवी गुलाबी दिसते. तीही पहिल्या दिवसांत साधी गोष्ट आहे. अंडकोशाला सूज येते, कातडी काळी-निळी पडते. हे पाहून पुष्कळांचे धाबे दणाणते. काही दिवसांत ती सूज उतरते. निजताना खाली टॉवेलची घडी ठेवावी आणि उठल्यावर घट्टसर चड्डी घालावी, म्हणजे आराम पडतो.

मधूनच लघवीची जोराची कळ येते, ओटीपोट आवळते, नळीच्या बाजूने थेंब गळतात. नळी व फुगा आत टोचत असल्यामुळे मूत्राशय आकसते, म्हणून असे होते. त्यासाठी गोळी मिळते. ती मागावी. कळ सोसत पडून राहण्यात मर्दुमकी नाही. सर्वसाधारण वेदनेचेही तसेच. वेदना असह्य असली की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही; आणि त्यातूनच पुढचे त्रास सुरू होतात.

चालणे हेच औषध

आपल्याकडे ऑपरेशन म्हटले की महिनाभर खाट, अशी समजूत आहे. ती मोडली पाहिजे. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसावे, मग खाटेभोवती चालावे, मग वॉर्डात फेऱ्या माराव्यात. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठते. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली, तर जीव धोक्यात येतो. म्हणूनच पायात घट्ट मोजे घालतात आणि काहींना पोटात रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने देतात. तास-दोन तासांनी दहा वेळा खोल श्वास घ्यावा. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी, म्हणजे टाक्यांना ताण बसत नाही.

चालले की आतडीही जागी होतात. वारा सरला की खाणे सुरू होते. आधी पाणी व चहा, मग वरण-भात, मऊ पोळी, खिचडी. वेदनेच्या काही औषधांनी शौचाला खडा होतो. कुंथणे मात्र टाळले पाहिजे, कारण त्याने आतल्या सांध्यावर दाब येतो आणि लघवीतून रक्त येते. पाणी भरपूर प्यावे, पालेभाजी व फळे खावीत. डॉक्टरांनी दिलेले शौच मऊ होण्याचे औषध चुकवू नये. मात्र एनिमा किंवा गुदद्वारातून कसलीही बत्ती घेऊ नये. नवा सांधा आणि गुदाशय यांच्यामध्ये फार पातळ पडदा असतो, त्याला इजा होऊ शकते.

बिडी, तंबाखू आणि खर्रा या काळात पूर्णपणे बंद. भेटायला येणाऱ्याने प्रेमाने दिलेली खर्ऱ्याची पुडी ही प्रेमाची भेट नव्हे. तंबाखूने रक्ताचा पुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो.

नळी व पिशवी

दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना एक ते तीन दिवसांत सुट्टी मिळते. मोठा छेद असला तर आणखी काही दिवस लागतात. म्हणजे रोगी घरी येतो तो नळीसह. म्हणून सुट्टी मिळण्याआधी पिशवी रिकामी कशी करायची, हे रोग्याने स्वतः आणि घरच्या एका माणसाने परिचारिकेसमोर करून पाहावे. नुसते ‘समजले’ म्हणून मान डोलावू नये.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, नाहीतर लघवी उलटी जाते. पण ती जमिनीवर ठेवू नये. खाटेच्या कडेला टांगावी. अर्ध्याहून थोडी अधिक भरली की रिकामी करावी. आधी व नंतर साबणाने हात धुवावेत. नळी मांडीला पट्टीने अशी चिकटवावी की चालताना ओढ बसणार नाही. नळी जेथून बाहेर येते ती जागा दिवसातून दोनदा साबण-पाण्याने धुवावी. कातडी मागे सारून धुतली असेल, तर ती पुन्हा पुढे आणावीच. मागे राहिली तर सूज येऊन ती अडकते.

लाजेचा प्रश्न येथेच येतो. कमरेला पिशवी लावून ओसरीवर बसायचे कसे, सूनबाईसमोर चालायचे कसे, या विचाराने काही जण खोलीबाहेर पडत नाहीत. काही जण लघवी होऊ नये म्हणून पाणी पिणे बंद करतात. हे फार वाईट. पाणी कमी झाले की लघवी घट्ट होते, नळीत गाळ बसतो आणि ती तुंबते. सैल लुंगी किंवा पायजमा घातला की मांडीला बांधायची लहान पिशवी दिसतसुद्धा नाही. हात मोडला म्हणून गळ्यात पट्टा घालायची आपल्याला लाज वाटत नाही. ही नळी त्याच जातीची आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. नळीतून लघवी येणे थांबले, तर आधी ती कोठे मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का, ते पाहावे. तरी येत नसेल व ओटीपोट ताठ होऊ लागले, तर वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. नळी ओढली जाऊन बाहेरच आली, तर गावात कोणाकडूनही दुसरी नळी घालून घेऊ नये. मग तो कितीही अनुभवी कंपाउंडर असो. आत कच्चा सांधा आहे हे त्याला ठाऊक नसते आणि नळी आंधळेपणाने रेटली तर तो सांधा फाटू शकतो. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करून तेथेच जावे. ‘प्रोस्टेट पूर्ण काढली आहे, नळी आम्हीच घालू’ असा मजकूर त्यांच्याकडून सुट्टीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा.

केव्हा धावावे?

पुढीलपैकी काहीही झाले तर उद्यावर टाकू नये. थंडी वाजून ताप, लघवीत लालभडक दाट रक्त व गाठी, जखमेतून पू, एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, पोट फुगून सारखी उलटी. शेवटच्या दोन-तीन खुणा दिसल्या तर बस पाहत उभे राहू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

घरी येताना

नागपूरहून बोरगावपर्यंतचा रस्ता फार लांबचा नाही. पण ताज्या टाक्यांना प्रत्येक खड्डा कळतो. शक्यतो लहान मोटारीत पुढची जागा घ्यावी. मागच्या बाकावर बसून एस.टी.ने किंवा मोटारसायकलवर मध्ये बसून येऊ नये. निघताना पिशवी रिकामी करावी आणि वाटेत एकदा उतरून चार पावले चालावे.

खर्चाची चिंता प्रत्येक घराला असते. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, या योजनेत घेतले आहे. आपले कार्ड मध्य प्रदेशाचे असले, तरी महाराष्ट्रातील योजनेत असलेल्या रुग्णालयात ते चालते. भरती होण्याआधीच त्या रुग्णालयातील आयुष्मानच्या खिडकीवर विचारून मंजुरीचे कागद पुरे करावेत.

नळी निघाल्यावर

नळी निघाली की सगळे पूर्ववत होईल, अशी आशा घेऊन माणूस जातो आणि त्याच दिवशी धोतर ओले होते. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. म्हणून कारण आधीच समजून घ्यावे. लघवी अडवायला शरीरात दोन झडपा असतात. वरची झडप प्रोस्टेटपाशी असते. ती शस्त्रक्रियेत बहुतांशी जाते. आता सगळे काम खालच्या एका स्नायूवर येते आणि त्याला या एकट्याच्या कामाची सवय नसते. त्याला बळ द्यावे लागते.

त्यासाठी सोपा व्यायाम आहे. वारा किंवा लघवी अडवताना जो भाग आपण आत आवळतो, तोच आवळून पाच सेकंद धरावा व सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट व मांड्या सैल ठेवाव्यात, श्वास रोखू नये. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे. नळी आत असताना हा व्यायाम करू नये. ती निघाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याने सुरू करावा. खोकताना, शिंकताना व खुर्चीवरून उठताना आधी आवळण्याची सवय लावावी.

बहुतेकांची गळती तीन महिन्यांपासून वर्षभरात आटोक्यात येते. काहींना त्याहून वेळ लागतो आणि थोड्यांना पुढे वेगळा उपाय करावा लागतो. तोपर्यंत औषधाच्या दुकानात मिळणारे पॅड वापरावेत किंवा जुन्या सुती धोतराच्या स्वच्छ घड्या कराव्यात. ओली घडी लगेच बदलावी. चहा कमी करावा. काहींना संत्र्याचा आंबट रसही या दिवसांत लघवीची घाई लावतो. तसे जाणवले तर थोडे दिवस थांबावे. आपल्या बागेतले फळ कोठे जात नाही.

नवराबायकोचा प्रश्न

याविषयी आपल्या घरांत बोलत नाहीत, म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो. पुरुषाची ताठरता ज्या नसांवर अवलंबून असते, त्या बारीक नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. १९०४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. ह्यू यंग यांनी कर्करोगासाठी ही ग्रंथी समूळ काढली; त्यानंतर कित्येक वर्षे या शस्त्रक्रियेत त्या नसा जातच असत. हॉलंडमधील डॉ. डॉन्कर यांच्यासह डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी त्या नसांची वाट शोधली आणि १९८२ मध्ये बाल्टिमोरलाच त्या जपून शस्त्रक्रिया करून दाखविली. रोग नसांपर्यंत गेलेला नसेल, तर आज सर्जन त्या राखण्याचा प्रयत्न करतात. तरीही शक्ती परत यायला दीड-दोन वर्षे लागू शकतात आणि काहींना ती पूर्ण येत नाही. वीर्य मात्र पुढे येत नाही, त्यामुळे मूल होत नाही. यावर औषधे आहेत. पण हृदयासाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांनी ती औषधे घेऊ नयेत, दोन्ही मिळून रक्तदाब धोक्याइतका उतरतो. हे प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारावेत आणि त्या वेळी पत्नीला बाहेर बसवू नये. पुढचे सारे तिलाही सोसायचे असते.

शेतात केव्हा?

चालणे पहिल्या दिवसापासून. बांधापर्यंत जाऊन पीक पाहून यायला हरकत नाही. पण सुमारे सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलू नये. सोळा लिटरचा फवारणीचा पंप भरला की पंपासकट वीस किलोंच्या घरात जातो. संत्र्याचे क्रेट, कापसाचे गाठोडे, युरियाचे पोते, पाण्याने भरलेली बादली, हे सारे त्याहून जड किंवा त्याच तोलाचे. डिझेल इंजिनाचे हँडल मारू नये. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि बंडी यांचे हादरे थेट त्याच जागेला बसतात. तेव्हा डॉक्टर होकार देईपर्यंत त्यांवर बसू नये. घाई केली तर टाक्यांच्या जागी पोटाचा हर्निया होऊ शकतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते.

अडचण खरी आहे. आंबिया बहाराचा माल तोडायला आलेला असतो, व्यापारी दारात असतो, कापूस वेचायचा असतो. परंतु हा विचार आधी करण्याचा आहे. प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा सावकाश वाढतो. त्यामुळे काही रोग्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची तारीख थोडी मागेपुढे करता येते. आपल्या बाबतीत येईल का, हे डॉक्टरच सांगतील. तारीख ठरवितानाच पीकपाण्याचे बोलावे आणि सहा आठवड्यांचे काम भावाला, मुलाला किंवा मजुरांना वाटून द्यावे. भेटायला जाणाऱ्या शेजाऱ्यांनीही वॉर्डात गर्दी करून दुसऱ्या रोग्यांच्या करुण कहाण्या सांगण्यापेक्षा त्या घरची एक फवारणी करून द्यावी. त्यापेक्षा मोठी भेट नाही.

शेवटची दोन कामे

काढलेली ग्रंथी तपासणीला जाते व तिचा अहवाल एक-दोन आठवड्यांनी येतो. रोग कडेपर्यंत होता का, पुढे किरणोपचार लागतील का, हे त्यावरून ठरते. तो कागद जमिनीच्या कागदांबरोबर जपून ठेवावा.

दुसरे काम रक्ताच्या पीएसए तपासणीचे. हा पदार्थ प्रोस्टेटच तयार करते. ग्रंथी पूर्ण निघाली असेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्तात तो जवळजवळ दिसू नये. आकडा सहसा ०.१ पेक्षा कमी येतो. पुढे तो वाढू लागला, तर काहीही दुखण्याच्या कितीतरी आधी रोग परतल्याची सूचना मिळते आणि उपचाराला वेळ मिळतो. अंगात बळ आले, लघवी सुरळीत झाली, म्हणून ही तपासणी सोडून देणे ही सर्वांत महागाची चूक ठरते. पहिली तारीख सुट्टीच्या दिवशीच विचारून घ्यावी, ती घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने मांडावी आणि त्या दिवशी बैलबाजार असो की तोडा, नागपूरला जाऊन यावे.